साखळीबंद वही आणि तिचे नाणे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून विद्वानांनी व्यासपीठावरून बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे असा रिवाज आहे. आज चालकांनी तो उलटा केला आहे. आमची शाळा आठवीला सुटली. पुढचे शिक्षण बाजाराच्या ओट्यावर, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज आम्ही जे सांगणार ते पंडिताचे प्रवचन नव्हे. एका कार्यकर्त्याने ठेचा खात जे समजून घेतले त्याचा हा हिशेब आहे.

विषय आहे ब्लॉकचेन, तिचे नाणे आणि या वाटेवर पहिले पाऊल कसे टाकावे. हमालांच्या युनियनवाल्याला ही उठाठेव कशाला, असे काही जणांच्या मनात आले असेल. त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमचा एक हमाल कचेरीत आला. खांद्यावरचे पोते खाली टाकावे तसा त्याने मोबाइल टेबलावर टाकला आणि म्हणाला, "भाऊ, पैसे दिसतात, पन निंघत नाहीत." घरावर पत्रे टाकायला म्हणून त्याने चाळीस हजार रुपये जमविले होते. ते ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून त्याने कसल्याशा 'कॉइन'मध्ये गुंतविले. पडद्यावर आकडा दिसत होता एक लाख दहा हजारांचा. काढायला गेले की पलीकडून सांगत, आधी कराचे पंधरा हजार भरा. ते पंधरा हजार उसने मागायला तो आमच्याकडे आला होता. आम्ही ते दिले नाहीत, आणि तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट आमच्या हातून घडली. बाकी त्याने विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. "हे ब्लॉकचेनवर आहे, म्हणजे पक्कं आहे, असं तो म्हने. मंग ब्लॉकचेन म्हंजे काय, भाऊ?" या प्रश्नापुढे आम्ही गप्प बसलो. पुढाऱ्याने गप्प बसावे लागणे ही मोठी लाजिरवाणी गोष्ट असते. त्या दिवसापासून आम्ही हा विषय शिकायला बसलो.

शिकताना पहिली गंमत ही दिसली की ज्या शब्दाने आमच्या हमालाला बुडविले, त्याच शब्दाच्या आधाराने याच महाराष्ट्रात शेतकऱ्याला वखारीतल्या मालावर कर्ज मिळू लागले आहे आणि गडचिरोलीतल्या आदिवासीच्या प्रमाणपत्राची शहानिशा होऊ लागली आहे. शब्द एक आणि वस्तू दोन. या दोन वस्तू वेगळ्या करून दाखविणे एवढेच आमचे आजचे काम आहे.

आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथे १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला हे आपण जाणताच. राजाने गाव दान दिले तर ते ताडपत्रावर न लिहिता तांब्यावर का कोरीत? ताडपत्र बदलता येते, जाळता येते. तांब्यावरचे अक्षर खोडता येत नाही. असे पत्रे कडीत ओवीत आणि कडीवर राजाची मुद्रा ठोकीत, म्हणजे मधला एक पत्रा कोणी गुपचूप बदलू नये. लिहिलेले फिरवता येऊ नये ही माणसाची गरज एवढी जुनी आहे. पण इतिहासकार हेही सांगतात की बनावट ताम्रपटही पुष्कळ निघाले. तांबे खोटे बोलत नाही, मात्र त्यावर खोटे कोरले तर तेही ते तितक्याच इमानाने जपते. हे वाक्य ध्यानात ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता वही कशी ते पाहू. आपण व्यापारी गावचे लोक. कीर्द आणि खतावणी आपल्याला नवी नाही. दुकानातली वही एकाच्या ताब्यात असते. आमच्या उमेदवारीच्या काळात एका बाजारात हमालांच्या टोळीने दिवसभरात किती पोती उचलली याची नोंद फक्त दुकानाच्या वहीत होई. संध्याकाळी चारशेची तीनशे ऐंशी होत. भांडावे तर पुरावा काय? वही त्यांची, लेखणी त्यांची. मग आम्ही एक साधी युक्ती केली. टोळीतल्या सातही जणांना खिशात मावणारी वही दिली. ज्याला लिहिता येत नव्हते त्याने रेघा ओढायच्या. दर पन्नास पोत्यांनंतर सर्वांनी थांबून आपापला आकडा मोठ्याने बोलायचा, जुळला की पुढे जायचे. आठ दिवसांत दुकानाची वही सुधारली. एका वहीतला आकडा बदलणे सोपे होते. सात खिशांतले सात आकडे एकदम बदलणे कोणाच्या बापाला शक्य नव्हते.

बंधूंनो, ब्लॉकचेनचा अर्धा अर्थ एवढाच आहे. एकच वही हजारो संगणकांवर, वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांपाशी असते. ठरावीक वेळाने नव्या नोंदींचे एक पान तयार होते, त्याला ब्लॉक म्हणतात. ते पान नियमाला धरून आहे यावर पुरेशा वहीदारांचे एकमत झाले की ते सर्वांच्या वहीत जोडले जाते.

उरलेला अर्धा अर्थ 'चेन' या शब्दात आहे. प्रत्येक पानावरच्या मजकुरातून गणिताने एक लांबलचक ठसा काढतात, त्याला तंत्रज्ञ हॅश म्हणतात. बोटाचा ठसा जसा माणसागणिक वेगळा, तसा हा मजकुरागणिक वेगळा. पानातला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा सगळाच बदलतो. या पानाचा ठसा पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहिलेला असतो, पुढच्याचा त्याच्या पुढच्या. म्हणून मागच्या एखाद्या पानावर कोणी हात मारला, तर तिथपासून आजपर्यंतची सारी पाने बोंब ठोकतात. ताम्रपटाच्या पत्र्यांतून ओवलेली कडी ती हीच.

अशी पहिली वही बिटकॉइनची. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला, आणि ३ जानेवारी २००९ रोजी वहीचे पहिले पान लिहिले गेले. हा माणूस कोण, बाई की पुरुष, एक की अनेक, हे आजवर उघड झालेले नाही. काळ मात्र पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत मोठमोठ्या पेढ्या कोसळत होत्या आणि सरकारे लोकांच्या पैशाने त्यांना सावरीत होती. त्या पहिल्या पानातच त्या दिवशीच्या लंडनच्या 'टाइम्स'मधला बँकांच्या मदतीविषयीचा मथळा कोरून ठेवला आहे. म्हणजे सावकाराच्या वहीवरचा विश्वास उडाल्यावर ही लोकांची वही जन्माला आली. पुढे ३० जुलै २०१५ रोजी इथेरियम नावाची दुसरी वही सुरू झाली. तिच्यात नुसता पैसा नव्हे, तर करारही लिहून ठेवता येतात आणि अट पुरी झाली की ते आपोआप पार पडतात.

आता नाणे. वही लिहायला यंत्रे लागतात, वीज लागते, राबणूक लागते. ही वही कोणा एका मालकाची नाही, मग लिहिणाऱ्याची मजुरी द्यायची कोणी? युनियनवाल्याला हा प्रश्न प्रथम सुचला तर नवल नाही. तिचे उत्तर म्हणजे टोकन, त्या वहीचे स्वतःचे नाणे. ते तीन कामे करते. जो नोंद करवून घेतो तो या नाण्यात थोडी फी भरतो. जो पाने तपासतो आणि जोडतो त्याला मजुरी याच नाण्यात मिळते. आणि इथेरियमसारख्या जाळ्यात, १५ सप्टेंबर २०२२ पासून, पान जोडणाऱ्याला आपली नाणी अनामत ठेवावी लागतात. त्याची लबाडी पकडली गेली तर अनामत कापली जाते. बिटकॉइनमध्ये अनामतीऐवजी यंत्रांची शर्यत असते आणि तिला प्रचंड वीज लागते. एवढे समजले की टोकन समजले. स्टेशनच्या गोदामात माल उतरवायचा तर हमाली लागते, तसे वहीत नोंद उतरवायची तर टोकन लागते. हमालीचे दर चढतात म्हणून कोणी हमाली साठवून ठेवीत नाही. इथे मात्र लोक नेमके तेच करतात, आणि सारा घोटाळा तिथून सुरू होतो.

घरचे उदाहरण घेऊ. २०१७ साली जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन या भारतीय तरुणांनी 'मॅटिक' नावाचे जाळे उभारायला घेतले. इथेरियमवर गर्दी होते, फी फार पडते, म्हणून तिच्या शेजारून स्वस्त आणि जलद वाट काढावी हा हेतू. २०२१ साली त्याचे नाव पॉलिगॉन झाले, आणि सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या नाण्याचे नाव मॅटिकऐवजी पीओएल झाले. या जाळ्यावर एका नोंदीची फी सामान्यतः रुपयाच्याही आत असते.

याच पॉलिगॉनवर आपल्या राज्यातले काम झाले. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे या वहीशी जोडण्याचे काम मार्च २०२२ मध्ये हाती घेतल्याचे जाहीर झाले. प्रमाणपत्रासाठी गरीब माणसाला किती चपला झिजवाव्या लागतात आणि बनावट प्रमाणपत्रावर खऱ्याचा हक्क कसा मारला जातो, हे आपल्याला माहीत आहे. इथे प्रमाणपत्रावर एक चौकोनी खूण असते. ती मोबाइलने तपासली की वहीतल्या नोंदीशी मेळ पाहता येतो. पोराला शिष्यवृत्ती हवी, नोकरी हवी. त्याला नाण्याच्या भावाशी कर्तव्य नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या पोटापाण्याच्या जवळचे. आपण सोयाबीन आणि तुरीचे लोक. काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो आणि देणेकरी दारात उभा असतो, म्हणून शेतकरी पडत्या भावात विकतो. यावर जुना उपाय वखार पावतीचा आहे. माल वखारीत ठेवावा, पावतीवर बँकेकडून कर्ज उचलावे, भाव आला की विकावे. वखार विकास व नियमनाचा कायदा २००७ सालचा. पण बँका बिचकत. एकाच पावतीवर दोन ठिकाणी कर्ज काढले तर? माल आधीच उचलला असला तर? महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने २०२०-२१ च्या सुमारास या पावत्या ब्लॉकचेनच्या वहीत नोंदविण्याची सोय केली. वखार आणि बँक दोघांसमोर एकच नोंद. पावती गहाण पडली की सर्वांना दिसते, दुसऱ्यांदा गहाण पडत नाही. शेतकऱ्याला कर्ज मिळते ते रुपयांत. त्याला कोणतेही नाणे विकत घ्यावे लागत नाही.

मंडळी, हा भेद मनात पक्का करा. वही ही कामाची वस्तू आहे, नाणे हे तिचे इंधन आहे आणि नाण्याचा भाव हा सट्टा आहे. मॅटिकचा भाव डिसेंबर २०२१ मध्ये तीन डॉलरच्या जवळ गेला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो अर्ध्या डॉलरच्या खाली होता. वही तेव्हाही चालू होती आणि नंतरही चालू राहिली. वरच्या भावात घेणारा मात्र बसला. वही चांगली असली म्हणून तिच्या नाण्याचा भाव चढलाच पाहिजे असे कोणत्याही गणितात लिहिलेले नाही.

आणि काही ठिकाणी वहीच नसते, नुसते तिचे नाव असते. 'गेनबिटकॉइन' प्रकरण आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. अमित भारद्वाज आणि त्याच्या साथीदारांवर आरोप असा की दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून त्यांनी देशभर लोकांकडून बिटकॉइन गोळा केले, आणि पुढे बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेले 'एमकॅप' नावाचे नाणे लोकांच्या गळ्यात मारले. सक्तवसुली संचालनालयाने ही रक्कम ६,६०० कोटी रुपयांची सांगितली आहे. पुणे पोलिसांनी २०१८ साली भारद्वाजला ताब्यात घेतले, २०२२ च्या जानेवारीत तो मरण पावला, आणि तपास आता केंद्रीय अन्वेषण विभागाकडे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी देशभर साठ ठिकाणी छापे घातले. दरमहा दहा टक्के! आमच्या लहानपणी गावचा सावकार एवढे व्याज घेत असे आणि आम्ही त्याला रक्तपिपासू म्हणत असू. तेच व्याज कोणी आपल्याला देऊ लागला की आपण त्याला देवमाणूस म्हणतो. नवा सभासद आणा, कमिशन मिळवा, असे जिथे सांगतात तिथे ब्लॉकचेन नाही. तिथे मागच्याच्या पैशावर पुढचा जेवतो आहे आणि शेवटची पंगत उपाशी उठणार आहे.

आता सुरुवात कशी करावी ते सांगतो. आम्ही जसे शिकलो तसेच सांगतो, आणि एक पैसा खर्च न करता जेवढे शिकता येते ते आधी.

पहिली पायरी वाचनाची. या वह्या उघड्या असतात. पॉलिगॉनची वही 'पॉलिगॉनस्कॅन' या ठिकाणी कोणालाही वाचता येते. पान, वेळ, कोठून कोठे किती गेले, फी किती, सारे दिसते. माणसाचे नाव दिसत नाही, खात्याचा लांबलचक पत्ता दिसतो. आठवडाभर नुसते वाचा. आमच्या हमालाचे 'नाणे' आम्ही अशा वह्यांत शोधत बसलो. ते कोठेच नव्हते. पडद्यावरचा एक लाख दहा हजारांचा आकडा कोणीतरी नुसता रंगवला होता.

दुसरी पायरी सरावाची. प्रत्येक मोठ्या जाळ्याला सरावाचे एक जुळे जाळे असते. पॉलिगॉनच्या त्या जाळ्याचे नाव, ऐकून बरे वाटेल, 'मुंबई' होते. २०२४ साली ते बंद होऊन त्याची जागा 'अमॉय'ने घेतली. तिथे सरावाची नाणी फुकट मिळतात, त्यांना बाजारात किंमत नसते. पोहायला आधी विहिरीच्या पायरीवर उतरतात, तसे तिथे पाठवणे, घेणे आणि चुकणे शिकून घ्यावे.

तिसरी पायरी पाकिटाची. वॉलेट म्हणतात ते प्रत्यक्षात पाकीट नसून किल्ली आहे. नाणी वहीतच असतात. पाकीट उघडताना बहुधा बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते म्हणजे तिजोरीची मूळ किल्ली. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा, दोन प्रती करा, दोन ठिकाणी ठेवा. फोटो काढू नका, कोणाला पाठवू नका, कंपनीचा माणूस म्हणून फोन आला तरी सांगू नका. हरवले तर नवी किल्ली देणारे दप्तर नाही. दुसऱ्याला कळले तर चोरी परतवणारा अधिकारी नाही. मालक नसलेल्या वहीचा हा दुसरा पैलू आहे. आणि पडद्यावर 'मंजूर करा' असे आले की काय मंजूर करतो ते वाचल्यावाचून बोट लावू नका. कोऱ्या कागदावर अंगठा दिल्याने आपल्या आज्यापणज्यांच्या जमिनी गेल्या. आता अंगठा काचेवर उठतो, एवढाच फरक.

चौथी पायरी, खरे नाणे घ्यायचेच असेल तर. एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणाला लागतात तेवढ्याच पैशांचे घ्या. मार्च २०२३ पासून अशा बाजारपेठांना आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करणे बंधनकारक आहे. ती नोंदणी पाहा. पॅन आणि ओळख मागितल्याशिवाय जो नाणी विकतो त्याच्या दारात उभे राहू नका. पाठवताना पत्ता आणि जाळ्याचे नाव दोनदा तपासा, आणि आधी एक रुपयाएवढे पाठवून पोचले का पाहा. एकदा गेलेली नोंद परत फिरत नाही. तिचा गुणही तोच आणि दोषही तोच. बाजारपेठेत ठेवलेली नाणी ही बाजारपेठेच्या ताब्यातली नाणी असतात हेही विसरू नका. १८ जुलै २०२४ रोजी 'वझीरएक्स' या आपल्याच देशातल्या बाजारपेठेतून २३ कोटी डॉलरच्या आसपास किमतीची नाणी चोरीला गेली, आणि ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ अडकून पडले.

पाचवी पायरी कायद्याची. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. म्हणून हा व्यवहार गुन्हा नाही. पण हे चलनही नाही. किराणा दुकानदाराला ते घ्यायला कोणी भाग पाडू शकत नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीच्या वेळी एक टक्का कापला जातो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, जो सामान्य लोकांसाठी १ डिसेंबर २०२२ पासून प्रयोग म्हणून सुरू झाला, तो वेगळा. तो सरकारी रुपयाच आहे, त्याचा भाव चढत नाही आणि उतरतही नाही. यूपीआय तर बँकेतल्या पैशाची नुसती ने-आण. ही तीन नावे एकत्र कालवून जो बोलतो त्याला आपला खिसा कापायचा आहे असे समजा. आणि फसगत झालीच तर लाजू नका. त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करा. आमचा माणूस तीन महिने लाजला. तक्रार नोंदवली, पण चाळीस हजार आजतागायत परत आलेले नाहीत. त्याच्या घरावर यंदाही ताडपत्रीच आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत मोठा. या वहीत लिहिलेले बदलत नाही हे आम्ही कबूल केले. पण लिहितो कोण, आणि काय लिहायचे हे ठरवतो कोण?

त्यासाठी कारंजाला जाऊ. आपल्या जिल्ह्यातले कारंजा हे हिंदुस्थानातल्या नियंत्रित बाजारपेठेचे मूळ गाव. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने तिथला कापूस बाजार नियमाखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. वजनमापे आली, दलाल-मापाऱ्यांना परवाने आले, नोंदी आल्या. नियम आले म्हणून शेतकऱ्याचे राज्य आले का? त्या कायद्याखालच्या समित्यांत शेतकऱ्याला जागाच नव्हती. वही होती, काटा होता, पण टेबलाभोवती खुर्च्या व्यापाऱ्यांच्या. पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा झाला, १९६९ साली माथाडी-हमालांचा कायदा झाला, तो लोकांनी धरणे धरले, तुरुंग पाहिला तेव्हा. काटा आधी आला. काट्याजवळ उभे राहण्याचा हक्क मिळायला पाऊणशे वर्षे लागली.

तोच प्रश्न आज या साखळीपुढे आहे. अनामतीवर चालणाऱ्या जाळ्यात ज्याची अनामत मोठी त्याचे वजन मोठे. पॉलिगॉनवर पाने मंजूर करणारे आहेत शंभरेक, आणि त्यांच्यातही मताचे वजन नाण्यांच्या प्रमाणात. आमच्या युनियनमध्ये एक माणूस, एक मत. सहकारी सोसायटीतही तसेच. इथे एक नाणे, एक मत. लोकांची वही म्हणून जन्मलेल्या वहीत लोक कुठे बसले आहेत, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आणि पहिली नोंद! वखारीत ओलसर सोयाबीन कोरडे म्हणून लिहिले, शंभर कट्ट्यांचे नव्वद लिहिले, तर साखळी त्या खोट्याला तांब्यावर कोरल्याप्रमाणे जपेल. पूर्वी खोटी नोंद भांडून खोडून घेता येत होती, उद्या म्हणतील, "ब्लॉकचेनवर आहे, आता काही होत नाही." म्हणून आमची मागणी आहे, आणि ती आम्ही या व्यासपीठावरून बोलून दाखवतो. जिथे जिथे कामगाराची हजेरी, शेतकऱ्याची पावती, गरिबाचे प्रमाणपत्र अशा वहीत जाईल, तिथे नोंद होण्याच्या क्षणी त्याचा माणूस काट्याजवळ उभा असला पाहिजे, त्याला त्याच्या भाषेत ती नोंद वाचून दाखवली गेली पाहिजे, आणि चूक असेल तर दुरुस्तीची नोंद पुढच्या पानावर करण्याचा हक्क त्याला असला पाहिजे. साखळी यंत्राने बनते. राखण माणसालाच करावी लागते.

तरुणांना आमची विनंती आहे की हा विषय टाकून देऊ नका. नाण्याच्या मागे धावू नका, पण वही शिका. आमच्या सात हमालांनी खिशात वह्या ठेवल्या तेव्हा त्यांच्यातल्या तिघांना अक्षर येत नव्हते. रेघा मात्र सर्वांना ओढता आल्या. तुम्हाला तर अक्षर येते. मागच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी आम्ही कचेरीत चार पोरांना घेऊन 'अमॉय'वर सराव करतो. पत्रेवाला हमाल त्यांत पाचवा. परवा त्याने पहिली सरावाची नोंद पाठवली, वहीत शोधून काढली, आणि आम्हाला दाखवून म्हणाला, "भाऊ, ही दिसते बी, अन् पोचली बी."